बोरमाळ मोडण्याआधी

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं हमाली केली, आधी भवानी पेठेत, मग मार्केट यार्डात. आई गेल्यापासून ते माझ्याकडे हडपसरला असतात. मी शिलाईच्या युनिटमध्ये कामाला जाते, मिस्टर रिक्षा चालवतात. मागच्या आठवड्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. अँजिओग्राफी केली, दोन ब्लॉक निघाले. डॉक्टर म्हणाले, दोन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या) टाकावे लागतील, आज घरी न्या, पण पंधरा दिवसांत करून घ्या. खर्च २ लाख ८० हजार, त्यातला १ लाख गुरुवारपर्यंत भरा. सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, रेशनकार्ड पुण्याचं नाही, बसणार नाही. आणि बसलं तरी योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा तर एका स्टेंटमागे ६५ हजार वरचे पडतील. बाबांचं नाव आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावच्या केशरी कार्डावर आहे आणि कार्ड भावाकडे. तो द्यायला का-कू करतोय, म्हणतो योजनेतले आमच्या घरचे पाच लाख संपतील. बाबा म्हणतात, मला फुकटचं नको, गावाला नेऊन सोड. घरात आईची बोरमाळ आहे. ती मोडू, की पतपेढीतून कर्ज काढू?"
— एक वाचक, हडपसर

ताई,

बोरमाळ मोडू नका आणि पतपेढीची पायरीही इतक्यात चढू नका. गुरुवारी तो १ लाख भरायचा नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवस दिलेत, त्यातले तीन-चार दिवस कागदांसाठी पुरतात. फक्त उद्या सकाळी त्याच डॉक्टरांना, काउंटरला नव्हे, एक प्रश्न सरळ विचारा: "आठवडाभर थांबलं तर चालेल का, आणि काय झालं तर थांबायचं नाही?" त्यांनी सांगितलेल्या खुणा घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा. रात्री-अपरात्री पुन्हा दुखायला लागलं, घाम फुटला, दम लागला, तर १०८ ला फोन लावून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. त्या वेळी कागद शोधत बसू नका. जीव धोक्यात असेल तेव्हा फोनवर कळवून योजनेत घेण्याची सोय आहे, कागद मागाहून देता येतात.

हे झालं तातडीचं. आता मूळ गोष्ट सांगते, कारण तुमच्यासारखं पत्र महिन्याला एक तरी येतं आणि निम्म्या वेळा ते माझ्या हातात पडतं तेव्हा पैसे भरून झालेले असतात.

मी बरीच वर्षं एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक होते. एका शनिवारी दुपारी भोरकडचं एक कुटुंब माझ्या टेबलापाशी आलं. मी निघायच्या घाईत होते. म्हटलं, "सोमवारी सकाळी रेशनकार्ड आणि आधार घेऊन या, करून टाकू." सोमवारी ते आले. म्हाताऱ्या माणसाने साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली, तिच्यातून चार घड्या घातलेली पावती काढली आणि तळहाताने नीट सपाट करून माझ्यापुढे सरकवली. रविवारी दुखणं वाढलं, ऑपरेशन झालं, पैसे रोख भरले होते. बैलजोडी विकून. त्यांना वाटत होतं की आता ही पावती दाखवली की योजना पैसे परत देईल. मी त्यांना कागद सांगितले होते, पण "तोवर रोखीने भरू नका, तसंच काही झालं तर आधी मला नाहीतर आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला) फोन करा" हे एक वाक्य सांगितलं नव्हतं. योजनेचा काउंटर आणि रोकड काउंटर यांच्यात वीस पावलांचं अंतर होतं.

ही योजना कॅशलेस आहे. पावत्या दाखवून पैसे परत मिळत नाहीत. ऑपरेशनच्या आधी मंजुरी मिळाली तर सगळं, नाहीतर काही नाही. म्हणजे अँजिओग्राफीचे तुम्ही भरलेले पैसे आता गेले असं समजा. त्यांच्यासाठी भांडत बसलात तर पुढचे २ लाख ८० हजार हातचे जातील.

योजनेच्या नावाचा घोळही आधी मिटवू, कारण काउंटरवर या घोळाचा फायदा घेतला जातो. २०१२ साली राज्यातल्या आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' नावाने ही सुरू झाली, म्हणून जुने लोक अजून 'जीवनदायी' म्हणतात. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालतात. "आमच्याकडे आयुष्मान नाही" असं कोणी म्हणालं तर लगेच विचारा, "मग फुले योजना आहे का?" गिऱ्हाईक परत पाठवायला अर्धं उत्तर पुरतं.

आता त्या मुलीने सांगितलेल्या दोन गोष्टी. कार्ड पुण्याचं नाही म्हणून बसणार नाही, हे खोटं आहे. राज्याच्या कुठल्याही जिल्ह्यातलं रेशनकार्ड राज्यातल्या कुठल्याही योजनेच्या रुग्णालयात चालतं. आष्टीचं कार्ड पुण्यात चालतं, गडचिरोलीचंही चालतं. कार्ड केशरी असल्याने तुम्ही आधीपासूनच बसता. १ जुलै २०२४ पासून तर पांढरं कार्डवालेही बसतात, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधी ही मर्यादा दीड लाख होती. अजूनही काही ठिकाणी जुनी पाटी लावलेली असते, ती वाचून घाबरू नका.

दुसरी गोष्ट 'साध्या' स्टेंटची. इथे मला राग येतो. स्टेंटच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली. त्याआधी तोच स्टेंट लाखाच्या वर लावला जायचा. ही मर्यादा नंतर थोडीफार वरखाली होत आली, पण एका स्टेंटला ६५ हजार हा आकडा तिच्यात कधीच बसलेला नाही. आणि योजनेत मंजूर झालेल्या रुग्णाकडून वरचे पैसे घ्यायलाच परवानगी नाही, मग ते चांगल्या स्टेंटचे म्हणून असोत, बाहेरच्या औषधांचे म्हणून असोत की 'डॉक्टरांची फी वेगळी' म्हणून असोत. तपासण्या, ऑपरेशन, खाट, औषधं, रुग्णाचं जेवण, घरी जाताना दहा दिवसांची औषधं, एवढंच काय एसटीचं परतीचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलेलं आहे. कोणी वरचे मागितले तर भांडू नका, फक्त म्हणा, "एका कागदावर लिहून द्या, कशाचे आणि किती." बहुतेक वेळा कागद येत नाही आणि मागणीही विरघळते. तरीही मागणी राहिली तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या नंबरवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या.

आता हॉस्पिटल. आहात तेच रुग्णालय धरून बसायची गरज नाही. तुमच्या पत्रावरून ते योजनेत आहे की नाही हेही कळत नाही. वरच्या नंबरवर फोन करून दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: हडपसरच्या आसपास कुठली रुग्णालयं योजनेत आहेत, आणि त्यातली कुठली हृदयरोगासाठी आहेत. यादीत नाव असणं वेगळं आणि तुमच्या आजारासाठी असणं वेगळं. एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असतं, हृदयासाठी नसतं, आणि माणूस रिक्षाने शहरभर फिरून संध्याकाळी दमून परततो. मिस्टरांची रिक्षा असली तरी सीएनजी फुकट मिळत नाही.

सरकारी ससून रुग्णालयाचाही विचार करा. नाक मुरडू नका. १८६७ पासून ते उभं आहे, अर्ध्या पुणे जिल्ह्याने तिथे जन्म घेतलाय, योजना तिथे चालते आणि अँजिओप्लास्टी, म्हणजे स्टेंट टाकणं, तिथे होते. गर्दी असते, हे खरं. सकाळी लवकर जावं लागतं, डबा आणि पाणी घेऊन जावं लागतं, आणि बाबांसोबत बसणारं माणूस लगेच दमणारं नको, चिवट हवं. एका पारड्यात हे आणि दुसऱ्यात बोरमाळ, असा विचार केला तर मला तरी गर्दी परवडते.

योजनेच्या रुग्णालयात शिरलात की रोकड काउंटरकडे जाऊच नका. 'आरोग्यमित्र' कुठे बसतात विचारा. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात ते असतात, बहुधा दारापाशी, फलक लावलेल्या टेबलापाशी. ते नोंदणी करतात, डॉक्टर तपासतात, रुग्णालय अँजिओग्राफीच्या अहवालासह मंजुरीची मागणी ऑनलाइन पाठवतं, मंजुरी येते, मग तारीख. नेहमीच्या केसमध्ये याला फार दिवस लागत नाहीत. जिथे अडतं ते इथे नाही, त्याच्या आधी अडतं, कागदांवर. म्हणून तिथे जरा थांबू.

सगळ्यात आधी जुन्या हॉस्पिटलातून अँजिओग्राफीची सीडी आणि अहवाल, ईसीजी, टू-डी इको, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. "इथेच करणार असाल तरच सीडी देऊ" असं काही ठिकाणी म्हणतात. अर्ज लिहून द्या, पोच घ्या. रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, हा डॉक्टरांच्या परिषदेचा २००२ सालापासूनचा नियम आहे. सीडी नसेल तर नव्या ठिकाणी अँजिओग्राफी पुन्हा करायची वेळ येते. म्हाताऱ्या माणसाला विनाकारण दुसऱ्यांदा टेबलावर झोपवायचं नाही.

मग रेशनकार्ड. भावाने अख्खं कार्ड बसने पाठवायची वाट बघू नका. पहिल्या आणि मधल्या पानाचा, म्हणजे जिथे सगळ्यांची नावं आहेत त्याचा, स्वच्छ फोटो आधी मागवा. कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर असतो, तो गावच्या रेशन दुकानदाराकडून भावाला विचारायला सांगा. काम निम्मं त्या नंबरवर होतं. मूळ कार्ड मागाहून लागेलच, गावाकडून पुण्याला रोज कोणी ना कोणी येत असतं. बाबांचं नाव ऑनलाइन यादीत चालू आहे ना, ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झाली आहे ना, हे त्या दुकानदारालाच विचारा. राहिली असेल तर हडपसरच्या कुठल्याही रेशन दुकानातून होते, त्यासाठी गावी जावं लागत नाही.

आयुष्मान कार्ड काढलेलं नसेल तरी चालेल, आरोग्यमित्र तिथेच काढून देतात. त्याला आधारची ओळख पटवावी लागते, आणि इथे तुमच्या बाबांच्या बाबतीत अडचण येणार हे मी आत्ताच सांगते. चाळीस वर्षं पोती उचललेल्या माणसाच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. मी पाहिलंय, यंत्रावर अंगठा ठेवायचा, लाल दिवा. पुसून ठेवायचा, लाल दिवा. डाव्या हाताची करंगळी, लाल दिवा. आणि समोरचा माणूस चोरी पकडल्यासारखा खाली मान घालतो. अंगठा नाही उमटला तर ओटीपी, डोळ्याची बुबुळं किंवा चेहरा यावरूनही ओळख पटवता येते. पण ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. बाबांच्या आधारला कोणाचा नंबर आहे? माझा अंदाज, भावाचा. म्हणजे ज्या वेळी तुम्ही आरोग्यमित्राच्या टेबलाशी असाल, त्या वेळी भाऊ रेंजमध्ये असायला हवा, उसाच्या फडात नाही. वेळ आधी ठरवा. नाहीतर सरळ म्हणा, "चेहऱ्यावरून करा."

नावही बघा. रेशनकार्डावर 'विठोबा' आणि आधारवर 'विठ्ठल', एकीकडे बापाचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, असल्या गोष्टी आष्टीत आणि हडपसरात सारख्याच घडतात. किरकोळ फरक चालून जातो. मोठा फरक असेल तर आरोग्यमित्राला आधीच दाखवा, त्याने शोधून काढायची वाट बघू नका.

वयाचंही असंच. पत्रात तुम्ही ७२ लिहिलंय. आधारवर काय आहे? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, रेशनकार्ड कुठलंही असो, आयुष्मानचं 'वय वंदना' कार्ड मिळतं. त्याचे ५ लाख म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळे असतात. बाबांचं आधारवरचं वय सत्तरी पार असेल तर हे कार्ड काढा, भावाच्या कार्डाला हातही लावायला नको. पण माझा अनुभव असा की बाबांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा आधारवरचा वाढदिवस १ जानेवारी असतो आणि साल कोणीतरी अंदाजाने टाकलेलं. "बहात्तरच्या दुष्काळात मिसरूड फुटलं होतं" हा आमच्यासाठी पुरावा आहे, संगणकासाठी नाही. आधारवर ६७-६८ निघालं तर आत्ता जन्मतारीख बदलायच्या नादी लागू नका, त्यात पंधरा दिवस जातील. केशरी कार्डावरून करा.

आता भाऊ. तो वाईट नाही, घाबरलाय. पाच लाख अख्ख्या कुटुंबाचे, म्हणजे कार्डावरच्या सगळ्यांचे मिळून असतात, हे त्याचं खरं आहे. पण त्याला दोन गोष्टी माहीत नसाव्यात. अँजिओप्लास्टीचा योजनेतला दर तुम्हाला सांगितलेल्या २ लाख ८० हजारांसारखा नसतो, सरकारने ठरवलेला असतो आणि पाच लाखांच्या खूप आत असतो. आणि रक्कम वर्षाची असते, पुढच्या वर्षी पुन्हा भरते. ती त्याच्या खात्यातली ठेव नाही. वापरली नाही म्हणून त्याच्या पोराच्या लग्नाला मिळणार नाही. फोन तुम्ही करू नका, बहीण-भावाच्या फोनवर आईची बोरमाळ कुठे आहे हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. मिस्टरांना करू द्या, किंवा गावातल्या आशाताईंना सांगा. योजनेचं काम त्यांना रोजचं आहे आणि त्यांचं गावात ऐकतात.

राहिले बाबा. मला या पत्रात सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचं हेच वाटलं, म्हणून शेवटी ठेवलं.

"फुकटचं नको" म्हणणाऱ्या माणसाला "अहो घ्या, सगळे घेतात" म्हणून चालत नाही. बाबांना माथाडी मंडळाचं विचारा. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, हमालांसाठी असा देशातला पहिला. व्यापाऱ्याने हमालीवर वरती लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, भरायची आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस द्यायचा. बाबांनी मंडळाकडून ते पैसे घेतले असतील. त्यांना ती भीक वाटली होती का? नाही वाटली. कारण त्यांना माहीत होतं की पोतं त्यांनी उचललं आणि त्यावरची लेव्ही त्यांचीच. ही योजनाही तशीच आहे, फक्त लेव्ही दिसत नाही. त्यांनी आयुष्यभर जी बिडी ओढली (आता सोडायला लावा), जो चहा-साखरेचा पुडा घेतला, एसटीचं जे तिकीट काढलं, त्या प्रत्येकावर कर भरलाय. मार्केट यार्डातल्या गाळेवाल्याने भरला तसाच, त्याच दराने. तो गाळेवाला उद्या सत्तरीचा झाला की वय वंदना कार्ड काढणार आहे, आणि त्याला अजिबात लाज वाटणार नाही. लाजायचं काम फक्त हमालाने करायचं, हे बाबांना मान्य आहे का, एवढं विचारून बघा.

तरीही नाही ऐकलं तर योजनेला ज्याचं नाव दिलंय त्याचं सांगा. जोतिराव गंज पेठेतले, भवानी पेठेच्या बाबांना तो वाडा माहीत असणारच. आणि तुम्ही राहता त्या हडपसरजवळ १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई स्वतः रोगी उचलून मुलाच्या दवाखान्यात आणत होत्या, त्यातच त्या गेल्या. त्यांनी कोणाला तू फुकट का घेतोस असं विचारलं नव्हतं. मी पुण्याची असल्यामुळे जरा भाषण झालं, माफ करा, पण हे मी एका हट्टी आजोबांना सांगितलं होतं आणि त्यांनी तासाभराने "कुठं अंगठा लावायचा?" असं विचारलं होतं.

समजा योजनेतून काही कारणाने झालंच नाही, तर दुसरा दरवाजा आहे. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दराने द्याव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून त्याचा अर्ज आजच टाकून ठेवा, नाही लागला तर पोरांच्या शाळेला उपयोगी पडेल. रुग्णालयात 'समाजसेवा अधिकारी' विचारा, बिलिंग नको. "खाटा भरल्या" म्हणाले तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयाला कळवा. आणि ही रुग्णालयं तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम भरल्याशिवाय दाखल करून घेणार नाही असं म्हणू शकत नाहीत. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर याच मुद्द्यावर केवढा गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल.

महापालिकेची शहरी गरीब योजनाही आहे, ती निम्मा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत देते. पण तिचं कार्ड आधी काढावं लागतं आणि पालिका हद्दीतला रहिवास लागतो. बाबांचं नाव गावच्या कार्डावर असताना तिच्यामागे लागून आत्ता वेळ घालवू नका. तुमच्या स्वतःच्या कुटुंबासाठी मात्र या महिन्यात चौकशी करा. आणि तुमचं, मिस्टरांचं, मुलांचं आयुष्मान कार्ड? पत्रात एक शब्द नाही त्याबद्दल. रिक्षाचालकाची पाठ आणि शिलाईवालीचे डोळे कधी दगा देतील सांगता येत नाही. बाबांबरोबर आरोग्यमित्राकडे जाल तेव्हा तुमचीही आधारकार्डं घेऊन जा.

स्टेंट पडल्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतात आणि त्या मध्येच बंद करायच्या नसतात. घरी जाताना मिळालेल्या दहा दिवसांच्या गोळ्या संपल्या की माणसं महाग म्हणून थांबतात, आणि स्टेंट पुन्हा बंद पडतो. योजनेत काही ऑपरेशनांनंतरच्या पाठपुराव्याची पॅकेजं आहेत, त्यात बाबा बसतात का हे आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या दिवशीच विचारा. नाहीतर औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. हडपसरहून औंध म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, पण महिन्यातून एकदाच. तेही जमत नसेल तर जवळच्या जनऔषधी दुकानात त्याच औषधाचं नाव दाखवा, किंमत बघून तुम्हीच मला दुसरं पत्र लिहाल.

उद्या शिफ्टला जायच्या आधी डॉक्टरांना तो प्रश्न, आणि तिथेच सीडीचा अर्ज. रेकॉर्डचा विभाग बहुधा संध्याकाळी लवकर बंद होतो, म्हणून सुटल्यावर जाऊ असं करू नका. अर्ध्या दिवसाचा खाडा पडला तरी चालेल. बाबांना बरोबर नेऊ नका, घरी बसू द्या. त्यांना फक्त एवढंच विचारून ठेवा की आधार काढलं तेव्हा मोबाइल नंबर कोणाचा दिला होता.